लेखकांसाठी सूचना : प्रत्येक कलमामागचं एक प्रकरण



परवा एका डॉक्टर मित्राचा शोधनिबंध जर्नलच्या साइटवर चढवायला मदत केली. तो हृदयरोगतज्ञ, मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे फायली चढवायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. निबंध बेताचा, पण त्याआधी वाचायच्या 'लेखकांसाठी सूचना' मात्र भल्यामोठ्या! प्रत्येक लेखकाने नेमकं काय काम केलं? गेल्या ३६ महिन्यांत कुठल्या कंपनीकडून पैसे, प्रवासखर्च, शेअर्स मिळाले का? ट्रायलचा नोंदणी क्रमांक काय, नोंदणी कुठल्या तारखेला झाली? मूळ आकडेवारी कोणी स्वतः पाहिली? हा मजकूर आधी कुठे छापून आलाय का? मित्र वैतागून म्हणाला, "अरे, ग्रीन कार्डाला सुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

मला मात्र ते वाचताना वेगळंच कुतूहल वाटलं. जुन्या कोडमध्ये कधी कधी मध्येच एखादी विचित्र अट दिसते. नवखा पोरगा ती काढून टाकायला निघतो, तेव्हा टीममधलं एखादं जुनं खोड म्हणतं, "बाबा रे, हात लावू नकोस. त्या एका ओळीसाठी आम्ही तीन रात्री जागलोय." या सूचनाही तशाच असणार असं वाटलं, म्हणून प्रत्येक कलमामागे काय घडलं होतं ते शोधत गेलो. विषय डॉक्टरांचा असला तरी आपलाही आहे. तिकडे आईबाबांना नवीन गोळी लिहून दिली की इकडे आपण रात्री पबमेड उघडून बसतो. समोर आलेला पेपर खरा आहे, याची हमी नेमकी कोण आणि कशाच्या जोरावर देतं?

अगदी जुना इतिहास थोडक्यात सांगतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचा पूर्वज १८१२ चा, लॅन्सेट १८२३ चं. त्या काळी संपादक हाच सर्वेसर्वा. एखाद्या डॉक्टरने पत्र लिहावं, "मी अमुक रोग्याला तमुक दिलं, तो बरा झाला", आणि संपादकाला पटलं तर ते छापावं. बाहेरच्या तज्ञाकडून लेख तपासून घेणं, म्हणजे पीअर रिव्ह्यू, ही प्रथा वैद्यकीय जगात आपण समजतो तेवढी जुनी नाही. लॅन्सेटने ती पद्धतशीरपणे १९७६ च्या सुमारास सुरू केली. पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा हा आज शाळेतल्या प्रयोगवहीसारखा पाठ झालेला साचाही दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू रुळला. स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या गाजलेल्या चाचणीमागचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये त्याचं मर्म साध्या शब्दांत सांगितलं होतं: का सुरुवात केली, काय केलं, काय सापडलं आणि त्याचा अर्थ काय, एवढ्याची उत्तरं द्या. आम्हा इंजिनिअरांच्या प्रोजेक्ट रिपोर्टलाही हे चार प्रश्न पुरतील.

आता खरी गोष्ट, आणि ती सुरू होते टाइपरायटरपासून. १९६०-७० च्या दशकात एका जर्नलने पेपर नाकारला की तो दुसरीकडे पाठवायचा म्हणजे संपूर्ण पुन्हा टाइप करायचा, कारण संदर्भ लिहिण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाला वर्ष आधी हवं, दुसऱ्याला शेवटी. एकाला नावाची आद्याक्षरं आडनावापुढे, दुसऱ्याला मागे. आणि हे टाइप करायचं कोणी? प्रोफेसरसाहेबांनी नव्हे, त्यांच्या सेक्रेटरीने! सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधली अशीच एक सेक्रेटरी या प्रकाराला कंटाळली आणि हा गोंधळ तिने थेट संपादकांपुढे मांडला. तिथून धागा पुढे गेला आणि जानेवारी १९७८ मध्ये प्रमुख वैद्यकीय जर्नल्सचे मोजके संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला एकत्र बसले. अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनचे एडवर्ड ह्यूथ आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलचे स्टीफन लॉक हे त्यातले पुढाकार घेणारे. अजेंडा एवढाच, की सगळ्यांना चालेल असा एकच फॉरमॅट ठरवायचा. संदर्भांची पद्धत अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडून घेतली आणि १९७९ मध्ये 'एकसमान अटी' छापून आल्या. पेपरमध्ये १, २, ३ असे क्रमाने येणारे संदर्भ आज 'व्हँकूव्हर पद्धत' म्हणून ओळखले जातात, ते तेव्हापासून.

आपल्यापैकी ज्यांनी इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे दस्तऐवज वाचलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. कोणाची सक्ती नाही, सरकारी कायदा नाही, चार शहाणी माणसं बसली आणि म्हणाली, आपण असं करूया. या मंडळींची पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली. बघता बघता जगभरातल्या जर्नल्सनी तेच नियम उचलले. समासाची रुंदी आणि दोन ओळींतलं अंतर ठरवायला जमलेल्या या गटाला पुढच्या पंचवीस वर्षांत औषध कंपन्यांशी दोन हात करावे लागतील, असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

फॉरमॅट सोडून बाकीच्या नियमांपैकी एक मात्र व्हँकूव्हरच्याही आधीचा आहे. न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये जाहीर केलं की जे संशोधन आधीच दुसरीकडे छापून आलंय ते आम्ही छापणार नाही. कारण सरळ होतं: शास्त्रज्ञ आधी बातमीदारांना सांगून मोकळे होत, तपासणी राहायची बाजूला. शिवाय, आणि हे टीकाकार तेव्हापासून म्हणत आलेत, जर्नलची मक्तेदारीही त्यातून राखली जात होती. मला दोन्ही खरं वाटतं. पण या नियमाची दुखरी बाजू १९८१ मध्ये दिसली. लॉस एंजेलिसच्या मायकेल गॉटलिएब यांना तरुण पुरुषांमध्ये विचित्र न्यूमोनियाचे पाच रुग्ण दिसले. त्यांनी न्यू इंग्लंड जर्नलला फोन केला, तर उत्तर मिळालं की तपासून छापायला किमान तीन महिने लागतील. सुदैवाने संपादकांनीच सुचवलं, की आधी सरकारच्या साप्ताहिक साथरोग पत्रिकेत छोटी नोंद द्या. ती ५ जून १९८१ ला छापून आली. एड्सची ती पहिली नोंद. सविस्तर पेपर जर्नलमध्ये यायला डिसेंबर उजाडला. सार्वजनिक आरोग्याची तातडीची सूचना म्हणजे 'आधी छापलेलं' नव्हे, हे जर्नल्सनी नंतर नीट लिहून ठेवलं. २०२० मध्ये कोविडच्या वेळी तर न तपासलेले मसुदे सर्रास आधी इंटरनेटवर येऊ लागले आणि इंगेलफिंगर यांचा नियम बराचसा सैल झाला.

त्याच १९८१ सालच्या मे महिन्यात हार्वर्डमध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. जॉन डार्सी नावाचा तरुण हृदयसंशोधक, मोठमोठ्या लोकांचा लाडका, पेपरवर पेपर छापणारा. सहकाऱ्यांना संशय होताच. त्यांनी पाहिलं तर हा गृहस्थ एकाच बैठकीत, काही मिनिटांत घेतलेल्या नोंदींवर '२४ तास', '७२ तास', 'एक आठवडा' अशी लेबलं लावत बसलेला! पुढे खोदकाम झालं तसं आधीच्या विद्यापीठातलं कामही बनावट निघालं. पण मला यातलं सगळ्यात बोचलं ते वेगळंच. वॉल्टर स्टुअर्ट आणि नेड फेडर या दोन सरकारी शास्त्रज्ञांनी डार्सीचे १०९ लेख आणि त्यांवर नावं असलेले ४७ सहलेखक तपासले. एका पेपरमध्ये एका कुटुंबाची वंशावळ छापली होती. तीत १७ वर्षांचा एक मुलगा चार मुलांचा बाप दाखवला होता, आणि त्या मुलांची वयं ८, ७, ५ आणि ४. म्हणजे नवव्या वर्षी पितृत्व! हे सहलेखकांनी पाहिलं नाही, तपासणाऱ्या तज्ञांनी पाहिलं नाही, संपादकांनीही पाहिलं नाही. स्टुअर्ट-फेडर यांचा लेख तर बदनामीच्या दाव्यांच्या भीतीने तीनेक वर्षं रखडला आणि जानेवारी १९८७ मध्ये 'नेचर'ने छापला.

मग प्रश्न आला की लेखक म्हणायचं तरी कोणाला? १९८५ मध्ये संपादकांच्या समितीने पहिल्यांदा व्याख्या केली. अभ्यासाच्या आखणीत किंवा आकडेवारीच्या विश्लेषणात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात हात हवा आणि शेवटच्या मसुद्याला संमती हवी. या तीनही गोष्टी असतील तरच नाव लावा. निधी मिळवून दिला, खाटा दिल्या, विभागप्रमुख आहे, एवढ्यावर नाही.

इथे आपल्याकडच्या मेडिकलवाल्यांना हसू येईल. साहेबांचं नाव आधी, मग बाकीचे, हे तिकडे गृहीतच असतं. आणि इंजिनिअरिंग कॉलेजात काय वेगळं चालतं हो? पण हा रोग फक्त आपला नाही. १९९४ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधले माल्कम पिअर्स यांनी एक सनसनाटी केस छापली. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ काढून गर्भाशयात रुजवला आणि बाळ सुखरूप जन्माला आलं म्हणे. सहलेखक कोण? त्यांचे विभागप्रमुख जेफ्री चेंबरलेन, जे रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सचे अध्यक्षही होते आणि ज्या जर्नलमध्ये केस छापली त्याचे संपादकही. चौकशीत निघालं की असा रुग्णच नव्हता. चेंबरलेन यांनी कामात भाग घेतला नव्हता, रिवाज म्हणून नाव लागलं होतं. दोन्ही पदं त्यांना सोडावी लागली, आणि पिअर्स यांचं नाव १९९५ मध्ये डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. या आणि अशा प्रकरणांनी हादरलेल्या ब्रिटिश संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी स्वतःची समिती काढली. त्याच वर्षी 'जामा'चे ड्रमंड रेनी यांनी सुचवलं की 'लेखक' हा शब्दच पुरेसा नाही, सिनेमाच्या शेवटी येते तशी श्रेयनामावली द्या: कोणी आखलं, कोणी मोजलं, कोणी लिहिलं. मित्राच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न हा असा आला.

आता व्हायॉक्स. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण एक तर यात वर्डची फाइल आहे, आणि दुसरं, आमच्या आजीच्या डब्यात ही गोळी होती. सांगलीत गुडघेदुखीसाठी तिला रोफेकॉक्सिब मिळायची, एका देशी कंपनीची स्वस्त पट्टी. पोटाला त्रास नाही म्हणून डॉक्टर खूश, आजी खूश. पोटाला त्रास नाही, हे ज्या मोठ्या चाचणीवर आधारलं होतं ती न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २३ नोव्हेंबर २००० रोजी छापली गेली. ८,०७६ रुग्ण, निम्म्यांना व्हायॉक्स, निम्म्यांना जुनं नेप्रॉक्सेन. हृदयविकाराचे झटके व्हायॉक्सच्या गटात १७ आणि नेप्रॉक्सेनच्या गटात ४. त्यावर लेखकांचं म्हणणं असं, की नेप्रॉक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं! ३० सप्टेंबर २००४ ला मर्क कंपनीने दुसऱ्या एका चाचणीतले धोके पाहून औषध जगभर मागे घेतलं. भारतात त्यावर डिसेंबर २००४ मध्ये बंदी आली. आजीची पट्टी तेव्हा कचऱ्यात गेली. आजीला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

पण जर्नलची गोष्ट त्यानंतर सुरू होते. कोर्टातल्या खटल्यांच्या निमित्ताने एक अंतर्गत मेमो बाहेर आला. झटके १७ नव्हे, २० होते, आणि किमान दोन लेखकांना ते तीन जास्तीचे झटके पेपर छापण्याच्या चार महिने आधी माहीत होते. मग संपादकांनी २००० साली पेपरसोबत आलेली फ्लॉपी काढून पाहिली. आपल्याला कळेलच त्यांना काय सापडलं असेल. फाइलमधल्या खुणांवरून दिसलं की हृदयविकाराशी संबंधित काही आकडेवारी पेपर पाठवण्याच्या दोन दिवस आधी पुसली गेली होती. डिसेंबर २००५ मध्ये जर्नलने जाहीर 'चिंता' छापली. लेखकांची बाजू अशी की ते तीन झटके आधीच ठरवलेल्या मुदतीनंतरचे होते म्हणून मोजले नाहीत. नियमाने ते बरोबरही असेल. पण हृदयाची मुदत आधी संपते आणि पोटाची नंतर, ही मुदत ठरवली कोणी, हा प्रश्न उरतोच. आणि जर्नलही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. वॉल स्ट्रीट जर्नलने २००६ मध्ये छापलं की त्या एका पेपरच्या ९,२९,४०० प्रती न्यू इंग्लंड जर्नलने विकल्या होत्या, त्यातल्या बहुतेक मर्कलाच. म्हणजे हितसंबंध जाहीर करा म्हणणाऱ्याचा हितसंबंध कोण जाहीर करणार? मर्कने २००७ मध्ये खटले मिटवायला ४.८५ अब्ज डॉलर्स कबूल केले.

त्याच सुमाराला मुलांमधल्या नैराश्यावरच्या पॅक्सिल या औषधाचं प्रकरण तापलं होतं. न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी जून २००४ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनवर दावा लावला, की मुलांवरच्या चाचण्यांचे प्रतिकूल निकाल तुम्ही दडपले. चांगला निकाल छापायचा, वाईट कपाटात ठेवायचा, हे धंद्याचं जुनं तंत्र. नाणं दहादा उडवून फक्त छापे तेवढे सांगितले तर नाण्याला काटा नाहीच असं कोणालाही वाटेल. (२००१ मध्ये छापलेल्या त्यातल्या एका चाचणीची मूळ आकडेवारी काही संशोधकांनी पुन्हा तपासली आणि २०१५ मध्ये बीएमजेमध्ये लिहिलं की औषधाचा उपयोग दिसत नाही, अपाय मात्र दिसतो.)

आणि इथे फॉरमॅट ठरवणाऱ्या त्या समितीने आपली एकुलती एक ताकद वापरली. सप्टेंबर २००४ मध्ये सदस्य जर्नल्सनी एकाच वेळी संपादकीय छापलं: १ जुलै २००५ नंतर सुरू होणारी जी चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली नसेल, तिचा पेपर आम्ही छापणार नाही. बस्स. पोलीस नाहीत, दंड नाही, कायदा नाही. पण न्यू इंग्लंड, लॅन्सेट, जामा यांची दारं एकदम बंद होणार म्हटल्यावर कंपन्या सुतासारख्या सरळ आल्या. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेची नोंदवही २००० पासून उघडी होती. मे ते ऑक्टोबर २००५ या काळात तिथल्या नोंदी १३,१५३ वरून २२,७१४ वर गेल्या. अमेरिकन संसदेने नोंदणीचा व्यापक कायदा केला तो त्यानंतर, २००७ मध्ये. माझ्या मते वैद्यकीय जर्नल्सच्या दोनशे वर्षांत संपादकांनी केलेलं सर्वात मोठं काम ते हेच. बाकी सगळे नियम लेखकाच्या शब्दावर अवलंबून आहेत. हा एकच असा आहे की ज्यात तारीख दुसऱ्याच्या सर्व्हरवर उमटते.

भारतातली नोंदवही २० जुलै २००७ ला सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी ती सक्तीची केली. परदेशी कंपन्यांच्या चाचण्या तेव्हा भारताकडे वळत होत्या, त्यामुळे हे वेळेवर झालं म्हणायचं.

भारताचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईचं सांगायला हवं. परळच्या केईएम आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांनी १९५५ मध्ये जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन सुरू केलं, ते आजही चालू आहे. मुंबईतच देवकुमार साहू या बालरोगतज्ञांनी १९९७ मध्ये मेडनो ही प्रकाशनसंस्था काढली. त्यांचं गणित तेव्हाच्या जगाला उलटं वाटणारं: वेबवर पेपर सगळ्यांना फुकट, लेखकाकडूनही पैसे नाहीत, खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून. पेपर पाठवणं, तपासणं, दुरुस्ती, सगळं ऑनलाइन. भारतातली कितीतरी छोटी जर्नल्स, जी आधी फक्त सभासदांच्या कपाटात धूळ खात, ती गूगलमध्ये दिसू लागली आणि आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौकटीतही आली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बड्या कंपनीने मेडनो विकत घेतली. एका डॉक्टरने मुंबईत बसून उभं केलेलं हे काम आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर लेख आपलीच पाठ थोपटणारा होईल. २०१३ मध्ये 'सायन्स'चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी उघड चुका असलेला एक खोटा पेपर ३०४ जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला, आणि त्यात वोल्टर्स क्लूवरच्या छत्राखालचं मेडनोचं एक जर्नलही होतं. ते नंतर बंद करण्यात आलं. या सगळ्यांच्या साइटवर 'लेखकांसाठी सूचना' होत्याच की! बऱ्याच ठिकाणी तर व्हँकूव्हरवाल्यांच्याच नियमांचा उल्लेख. सूचना कॉपी-पेस्ट करता येतात, तपासणारा माणूस कॉपी-पेस्ट करता येत नाही.

आणि तपासणाऱ्याने पकडलं तरी पुढे काय? १९९२ मध्ये बीएमजेने उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या एका डॉक्टरांचा पेपर छापला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमुक आहार घेतला तर मृत्यू कमी होतात, असा निष्कर्ष. जगभर तो उद्धृत झाला. पुढे शंका आल्या, संपादकांनी मूळ कागद मागितले, तेव्हा काही कागद वाळवीने खाल्ल्याचं उत्तर आलं. हसू नका, आपल्याकडे वाळवी खरोखरच कागद खाते. पण जी आकडेवारी हाती आली ती संख्याशास्त्रज्ञांनी तपासली, तर चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांत सुरुवातीलाच दिसू नयेत असे फरक, आणि आकड्यांच्या शेवटच्या अंकांतही संशयास्पद ठेवण. बीएमजेने भारतात चौकशी करील अशी संस्था शोधली. कोणाच्याच अखत्यारीत हे बसेना. शेवटी २००५ मध्ये, म्हणजे छापल्यानंतर १३ वर्षांनी, जर्नलने आपली शंका जाहीरपणे मांडली. आरोप सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. सिद्ध करायला किंवा खोडून काढायला कोणी पुढेच आलं नाही, हेच तर दुखणं आहे. त्यात त्या डॉक्टरांवरही अन्याय आहे आणि तो आहार पाळणाऱ्या रुग्णांवरही.

हार्वर्ड, लंडन, मुरादाबाद, सगळीकडे संपादक लेखकावर विश्वास ठेवूनच चालतो. याची ताजी आठवण २०२० मधली. २२ मे रोजी लॅन्सेटमध्ये पेपर आला: सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. आकडेवारी सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या कंपनीची. मग कोणीतरी साधी बेरीज केली. पेपरमध्ये २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात ७३ मृत्यू दाखवले होते, आणि त्या तारखेला संपूर्ण देशातले नोंदलेले मृत्यू होते ६७! सहलेखकांनी मूळ आकडेवारी मागितली, कंपनीने दिली नाही, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या आकड्यांवरचा न्यू इंग्लंड जर्नलमधला पेपरही त्याच दिवशी गेला. म्हणजे नवव्या वर्षी बाप झालेल्या मुलानंतर चाळीस वर्षांनी, जगातल्या दोन सर्वात कडक समजल्या जाणाऱ्या जर्नल्समध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये लॅन्सेटने नवीन कलम घातलं: मूळ आकडेवारी एकाहून अधिक लेखकांनी स्वतः पाहून पडताळली, असं लिहून द्या. मित्राच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न दिसला तेव्हा तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं?" मी त्याला ऑस्ट्रेलियाचं सांगितलं. तो गप्प बसला आणि त्याने आपल्या सांख्यिकीवाल्या सहकाऱ्याला फोन लावला.

मे २०२३ मध्ये समितीने एआयबद्दलचं कलम जोडलं. चॅटबॉटचं नाव लेखक म्हणून लावता येणार नाही, आणि वापरला असेल तर कुठे ते सांगा. यामागचं मोठं प्रकरण अजून घडायचंय, की घडून गेलंय आणि अजून कोणी बेरीज केलेली नाही, देव जाणे.

शेवटी एक कामाची गोष्ट. घरच्यांसाठी एखाद्या औषधाचा पेपर शोधाल तेव्हा सारांशाच्या खाली चाचणीचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर टाका. नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख, यांत आधी काय ते बघा. नंतर त्याच पानावर बदलांचा इतिहास उघडा. जुन्या सगळ्या आवृत्त्या तिथे जपून ठेवलेल्या असतात, आपल्या व्हर्जन कंट्रोलसारख्या. सुरुवातीला मुख्य मोजमाप काय ठरलं होतं आणि पेपरमध्ये काय छापलं, हे दोन शेजारी शेजारी ठेवून पाहायला दहा मिनिटं पुरतात. जुळत नसेल, तर पेपर आणि त्या पानाची लिंक तिकडच्या डॉक्टरांना पाठवा आणि सरळ विचारा.